मगरीला काठ हवा

कांजूरमार्गला उतरून पवईच्या कचेऱ्यांकडे जाणारी माणसं कल्याण-डोंबिवलीत हजारोंनी सापडतील. स्लो लोकल, जिना, शेअर रिक्षा, आयआयटीचं फाटक आणि मग रस्त्याला चिकटून पवई तलाव. सकाळच्या घाईत त्या पाण्याकडे बघायला कुणाला सवड नसते, आणि बघितलं तरी दिसते ती जलपर्णी. हिवाळ्यात मात्र उन्हं जरा तापली की तलावातल्या बेटांच्या कडेला आणि आयआयटीच्या बाजूच्या शांत काठावर मगरी उन्हाला येतात. त्या तिथे आहेत हे बहुतेकांना ऐकून माहीत असतं. पाहिलेली माणसं थोडी.

पवईचा तलाव १८९१ चा. मुंबईची तहान भागवायला तो बांधला, पण त्याचं पाणी पिण्यालायक राहिलं नाही. आज त्यात सांडपाणी उतरतं आणि ते पाणी कारखान्यांच्या वापराला जातं. त्याच्या वरच्या अंगाला, संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या डोंगरात विहार (१८६०) आणि तुळशी (१८७९) हे दोन तलाव आहेत. येऊरला सहलीला जाणाऱ्या ठाणेकरांच्या दृष्टीने सांगायचं तर डोंगराच्या पलीकडच्या उतारावर. त्यांचं पाणी थोड्या प्रमाणात का होईना, अजून मुंबईच्या नळांना येतं. या दोन्ही तलावांत मगरी आहेत. मगरीच्या पाण्यावर मुंबईचा काही भाग वाढला, असं म्हटलं तर अतिशयोक्ती होणार नाही.

बिबट्याच्या नावाने मुंबई-ठाण्यात पुस्तकं निघाली, माहितीपट झाले, येऊर-घोडबंदरच्या सोसायट्यांनी त्याच्यासोबत राहण्याचे धडेही गिरवले. मगरीचं नाव वर्तमानपत्रात येतं ते बातमीला खमंगपणा हवा असतो तेव्हा. ऑक्टोबर २०२३ मध्ये दादरच्या महापालिकेच्या जलतरण तलावात सकाळी पाण्यात मगरीचं पिल्लू दिसलं, तेव्हा दिवसभर सगळ्या वाहिन्यांवर तेच होतं. पिल्लू जेमतेम दोन फुटांचं. पवईच्या मगरी त्याच दिवशी नेहमीसारख्या उन्हात पडल्या असतील, त्यांच्याकडे कॅमेरा वळायचं कारण नव्हतं.

पवईच्या मगरींनी एकदा मात्र उच्च न्यायालयापर्यंत मजल मारली. मुंबई महापालिकेने तलावाच्या कडेने सायकल आणि जॉगिंगचा मार्ग बांधायला घेतला होता. काठाला दगडांच्या जाळीदार पेट्या रचून त्यावर वाट करायची, अशी रचना. आयआयटीत संशोधन करणारे विद्यार्थी आणि इतर काही जण न्यायालयात गेले. त्यांच्या म्हणण्यात एक मुद्दा मगरींचाही होता, की हाच काठ त्यांच्या उन्हाला येण्याचा आणि अंडी घालण्याचा आहे. ६ मे २०२२ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने हे काम बेकायदा ठरवलं आणि केलेलं बांधकाम काढून जागा पूर्ववत करायला सांगितलं. त्या वेळी अनेकांना प्रश्न पडला की तलावाच्या पाण्याला धक्का न लावता, नुसत्या कडेने वाट काढली तर मगरीचं काय बिघडणार होतं? पोहायला तिला सगळा तलाव मोकळाच होता.

या प्रश्नाचं उत्तर मगरीच्या शरीरात आहे. मगर पाण्यातला प्राणी आहे ही आपली समजूत अर्धीच खरी. शिकार ती पाण्यात करते, लपते पाण्यात, जोडीही पाण्यात जमते. पण तिचं जगणं ठरतं काठावर.

आधी उन्हाचं बघू. मगरीच्या अंगात स्वतःची उष्णता तयार करण्याची सोय नाही. पोटातलं मांस पचायला ऊब लागते आणि ती उन्हातून घ्यावी लागते. म्हणून थंडीत ती तासन्‌तास काठावर पडलेली दिसते, आणि ऊन जास्त झालं की जबडा उघडा ठेवते. तो आ वासलेला जबडा पाहून लोकांना तो राग वाटतो. ती डोकं थंड ठेवत असते. ऊब फुकटात मिळत असल्यामुळे तिचा खर्चही कमी. तिच्या वजनाच्या वाघाला जितकं मांस लागेल त्याच्या अगदी थोड्या हिश्शात तिचं भागतं, आणि मोठी मगर काही महिने उपाशीही काढू शकते. सांडपाण्याच्या तलावात मोठा शिकारी प्राणी टिकून कसा राहिला, याचं निम्मं उत्तर या काटकसरीत आहे.

मग बिळाचं. भारतात तीन जातींचे मगरवर्गीय प्राणी आहेत. उत्तरेच्या नद्यांत लांब निमुळत्या तोंडाची मासेखाऊ घडियाल, ओडिशाच्या भितरकनिकेत, सुंदरबनात आणि अंदमानात खाऱ्या पाण्यातली अजस्र मगर, आणि उरलेल्या देशभर आपली गोड्या पाण्यातली मगर. आपल्याकडे सांगली-कोल्हापूरच्या नदीकाठी हिलाच सुसर म्हणतात. ही तिसरी जात काठाच्या मातीत कित्येक फूट खोल बीळ खणते. उन्हाळ्यात पाणी आटलं की त्यात शिरून बसते, थंडीतही आसरा घेते. पाणी पुरतंच आटलं तर पायी चालत दुसरं पाणी शोधते. इराणच्या बलुचिस्तानातल्या कोरड्या नद्यांपासून श्रीलंकेच्या तळ्यांपर्यंत हिचा वावर पसरला तो या सवयीमुळे.

आणि शेवटी अंडी, ज्यांच्यापुढे ऊन आणि बीळ दोन्ही दुय्यम. फेब्रुवारी ते एप्रिलच्या दरम्यान मादी पाण्यापासून थोडं वर, पुराचं पाणी पोचणार नाही अशा मातीत खड्डा करते. पंचवीस-तीस अंडी घालते, खड्डा बुजवते आणि पहारा सुरू करते. दोन महिन्यांच्या आसपास, म्हणजे मृग लागायच्या सुमाराला पिल्लं बाहेर येतात, आणि पहिल्या पावसाबरोबर त्यांना बेडूकमासे, किडे, लहान मासे असं आयतं ताट मिळतं. ती अंड्यात कोणत्या तापमानाला राहिली यावर पिल्लू नर की मादी हे ठरतं. मद्रास क्रोकोडाईल बँक या मगरींच्या केंद्रात जेफ्री लँग, हॅरी अँड्र्यूज आणि रोम्युलस व्हिटेकर यांनी हे तपासलं. २८ ते ३१ अंश सेल्सिअसला ठेवलेल्या अंड्यांतून नुसत्या माद्या निघाल्या. ३२.५ अंशांना नर. त्याच्या थोडं वर गेलं की पुन्हा दोन्ही. माणसात बापाकडून आलेलं गुणसूत्र जे ठरवतं ते इथे मातीची ऊब ठरवते, आणि दीड अंशाच्या फरकाने मुलींचं घरटं मुलग्यांचं होतं. कोणत्या झाडाची सावली घरट्यावर किती वेळ पडते, माती रेताड आहे की चिकण, पाण्यापासून किती वर आहे, या सगळ्याला मग केवढा अर्थ येतो. त्या जागी दगडाच्या पेट्या रचल्या, तर सायकलस्वाराला काहीच जाणवणार नाही.

जन्माची वेळ झाली की पिल्लं अंड्यातूनच आवाज देतात. मादी माती उकरते, न फुटलेली अंडी जिभेवर घोळवून अलगद फोडते आणि पिल्लं जबड्यात घेऊन पाण्यात नेते. ज्या जबड्यात म्हशीचं हाड मोडायची ताकद आहे त्यात वीतभर लांबीची पिल्लं सुखरूप जातात, कारण त्या जबड्याच्या कातडीवर स्पर्श ओळखणारे बारीक उंचवटे पसरलेले आहेत आणि ते माणसाच्या बोटाच्या टोकाशी बरोबरी करतील इतके हळवे आहेत. याच मद्रासच्या केंद्रात नर मगरही पिल्लांना तोंडातून पाण्यात नेताना दिसला आणि १९८६ मध्ये त्याची नोंद प्रसिद्ध झाली. सरपटणाऱ्या प्राण्यांत बापाने पोरं सांभाळावीत ही तेव्हा नवलाची गोष्ट होती.

मगरीचं खरं महाराष्ट्रीय घर बघायचं तर कल्याणहून पनवेलमार्गे मुंबई-गोवा महामार्ग धरायचा आणि महाडला उतरायचं. सावित्री नदी इथे गावाला वळसा घालून जाते आणि तिच्या काठांवर मगरी नेमाने दिसतात. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळचा ब्रिटिशकालीन पूल पुरात वाहून गेला, एसटीच्या दोन बसगाड्या आणि इतर वाहनं नदीत गेली, तेव्हा शोधकार्यात पाण्याच्या वेगाइतकीच चर्चा मगरींची झाली होती. रासायनिक कारखान्यांची वसाहत, गावाचं सांडपाणी, वाळूउपसा हे सगळं सोसणारी ही नदी. तिच्यात ही जमात अजून वीण करते, हेच विशेष.

या मगरींचा माग उत्कर्षा चव्हाण आणि मनोज बोरकर या संशोधकांनी वर्षानुवर्षं काढला. २०२३ मध्ये त्यांचा एक निबंध आला आणि जगभर त्याच्या बातम्या झाल्या. बातम्या झाल्या त्या एका कुत्र्यामुळे. भटक्या कुत्र्यांच्या टोळीने पाठलाग केल्यामुळे एक कुत्रा नदीत शिरला. जवळच तीन मोठ्या मगरी तरंगत होत्या. त्या कुत्र्याकडे आल्या, पण त्यांनी त्याला खाल्लं नाही. त्यातल्या दोघींनी तोंडाने ढोसत ढोसत त्याला टोळी नव्हती त्या बाजूच्या काठाकडे नेलं आणि कुत्रा बाहेर पडला. संशोधकांनी यात सहभावनेची शक्यता मांडली आहे. मला स्वतःला एवढं पुढे जायचा धीर होत नाही. मगरी भुकेल्या नसतील, कुतूहल असेल, पाण्यात काय पडलंय ते चाचपून पाहत असतील. एका प्रसंगावरून मन वाचायला गेलं की आपलंच मन वाचून होतं. पण नोंद खरी आहे, आणि आजवर मगरीबद्दल बोलताना जे एकच क्रियापद वापरलं जातं ते या प्रसंगाला लागू पडत नाही, एवढं तर मान्य करायलाच हवं.

त्याच निबंधातली झेंडूची गोष्ट मात्र मला कुत्र्यापेक्षा जास्त भुरळ घालते. नदीत सोडलेले पूजेचे हार, पिवळ्या झेंडूची फुलं पाण्यावर तरंगतात. सावित्रीतल्या मगरी त्या फुलांच्या आसपास रेंगाळतात, त्यांच्यात पडून राहतात, अंगाला लागू देतात, असं वारंवार दिसलं. झेंडूच्या पाकळ्यांत जंतुनाशक द्रव्यं असतात आणि मैल्याने दूषित झालेल्या पाण्यात ती कातडीला उपयोगी पडत असतील, असा संशोधकांचा तर्क आहे. तर्क सिद्ध व्हायचा आहे. दसऱ्याला दाराला लावलेल्या तोरणाचं निर्माल्य पाण्यात सोडू नये म्हणून मी दरवर्षी शेजाऱ्यांशी हुज्जत घालतो, आणि इकडे मगर त्याचा असा समाचार घेते!

मगरी माशांना घेरून एकत्र शिकार करतात आणि तोंडावर काटक्या ठेवून बगळ्यांना फसवतात, हेही सावित्रीकाठी नोंदलं गेलं. काटक्यांची गोष्ट याआधी मद्रासच्या केंद्रातून आली होती. तिथे झाडांवर बगळ्यांची वसाहत, खाली पाण्यात मगरी, आणि घरटी बांधायच्या दिवसांत बगळ्यांना काटक्यांची टंचाई. नेमक्या त्या दिवसांत मगरी नाकावर काटक्या घेऊन निश्चल पडलेल्या दिसतात, असं व्लादिमिर डिनेट्स आणि सहकाऱ्यांनी लिहिलं. सगळ्या तज्ज्ञांना ते पटलेलं नाही. तरंगत्या काटक्या आपोआप येऊन अडकत असतील, ही शंका रास्तच आहे.

आता थोडं नातेवाइकांबद्दल. मगर आणि पाल बाजूबाजूला ठेवल्या तर कुणीही म्हणेल, लहान-मोठ्या बहिणी. रक्ताचं नातं बघायला गेलं तर पाल फार दूरची. मगरीचे आज जिवंत असलेले सर्वांत जवळचे नातलग म्हणजे पक्षी. कल्याण स्टेशनच्या पत्र्यावर बसलेला कावळा पालीपेक्षा मगरीला जवळचा आहे. दोघांचा समाईक पूर्वज सुमारे २४ कोटी वर्षांपूर्वीचा, आणि मधली सगळी भावंडं, म्हणजे डायनासोर, गेली. खुणा मात्र शरीरात राहिल्या. पाल, साप, कासव यांच्या हृदयाला तीन कप्पे, मगरीच्या हृदयाला पक्ष्यांसारखे चार. त्यात मगरीची स्वतःची आणखी एक युक्ती आहे. जड जेवण झालं की ती कार्बन डायऑक्साइडने भरलेलं रक्त फुप्फुसाला न देता परस्पर पोटाकडे वळवते आणि त्यातून जठरात भरपूर आम्ल तयार होतं. हाडंही विरघळतात ती अशी. २०१० मध्ये कॉलीन फार्मर आणि केंट सँडर्स यांनी अमेरिकेतल्या अ‍ॅलिगेटरच्या फुप्फुसात हवा कशी फिरते ते पाहिलं. आपल्या फुप्फुसात हवा ज्या वाटेने येते त्याच वाटेने जाते. अ‍ॅलिगेटरमध्ये ती पक्ष्यांसारखी एकाच दिशेने वाहते. उडण्यासाठी म्हणून घडली असं आपण समजत होतो ती सोय, उडायचा विचारही नसलेल्या जीवांत आधीपासून होती.

पक्ष्यांनंतरचं जवळचं नातं कासवांशी, असं जनुकांच्या अभ्यासातून आता बऱ्यापैकी नक्की झालं आहे. आणि या नातलगांची कल्याणला एक वाईट आठवण आहे. जानेवारी २०२२ मध्ये कल्याण पश्चिमेच्या गौरीपाडा तलावात पन्नासहून अधिक कासवं मेलेली सापडली. गोड्या पाण्यातली, मऊ पाठीची, आपल्याकडच्या कुठल्याही जुन्या तळ्यात असायची ती. वनखात्याचे लोक आले, प्राणिमित्र आले, जिवंत सापडलेली कासवं उपचाराला हलवली गेली, दोन-चार दिवस फोटो फिरले. शहराच्या पोटात, इमारतींच्या मधल्या त्या पाण्यात इतकी कासवं होती हे अनेक कल्याणकरांना त्यांची प्रेतं पाहून समजलं. कासवालाही ऊन खायला, अंडी पुरायला मातीचा काठ लागतो. मगरीची गरज मोठी, त्याची छोटी, एवढाच फरक.

मगरीला ‘जिवंत जीवाश्म’ म्हणायची पद्धत आहे, आणि ती मला कधीच पटली नाही. त्यातून असं वाटतं की हा प्राणी कोट्यवधी वर्षं हलायचाच विसरला. खरं तर मगरीच्या कुळाने करायचं ते सगळं करून पाहिलं. लांब पायांवर जमिनीवर धावणारे झाले, पायांची वल्ही होऊन भर समुद्रात राहणारे झाले. मादागास्करमध्ये सापडलेला सिमोसुकस तर आखूड तोंडाचा, हातभर लांबीचा आणि बहुधा शाकाहारी होता. पाण्याच्या कडेला दबा धरून बसणारा हा एक नमुना त्यातून टिकला, कारण तो कमी खर्चात चालतो.

हा नमुना इतका फायद्याचा आहे की तो मगरींच्या आधी दुसऱ्यांनीही वापरला. याचा पुरावा आपल्या सीमेलगतच सापडला. गडचिरोलीपासून प्राणहिता ओलांडली की आजच्या तेलंगणात मालेरी नावाचं गाव लागतं. तिथल्या लाल मातीच्या थरांत २० कोटींहून अधिक वर्षांपूर्वीचे प्राणी गाडलेले आहेत. नागपूरला मिशनरी म्हणून आलेले स्टीफन हिस्लॉप विदर्भ पालथा घालून जीवाश्म जमवत. ज्यांच्या नावाचं कॉलेज नागपूरला आहे तेच हे. १८६३ मध्ये टाकळघाटहून परतताना ओढ्याच्या पुरात ते वाहून गेले. पुढे १८८५ मध्ये रिचर्ड लिडेकर यांनी मालेरीच्या एका प्राण्याला त्यांचं नाव दिलं: पॅरासुकस हिस्लॉपी. दिसायला हुबेहूब लांब तोंडाची मगर, पण मगर नव्हे. मगरीच्या नाकपुड्या तोंडाच्या टोकाला असतात, याच्या डोळ्यांजवळ. त्याच थरांत दोन सबंध सांगाडे मिळाले, आणि त्यांच्या पोटाच्या जागी मालेरीसॉरस नावाच्या सरड्यासारख्या प्राण्याची हाडं होती. शेवटचं जेवण २० कोटी वर्षं जपून ठेवलेलं. हे कूळ नष्ट झालं, आणि रिकाम्या झालेल्या काठावर पुढे खऱ्या मगरी येऊन बसल्या.

आपल्या हाताशी असलेला कालमापक म्हणजे मलंगगड. कल्याणच्या कुठल्याही गच्चीवरून दिसणारा तो कातळ सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी वाहिलेल्या लाव्हाचा. दख्खनवर तो लाव्हा थरावर थर पसरत असताना, आणि त्याच काळात मेक्सिकोच्या टोकाला आकाशातून अशनी आदळून डायनासोर संपत असताना, मगरींचे पूर्वज गोड्या पाण्याच्या काठाने तग धरून होते. मलंगगड उभा राहायच्या आधीपासूनचे हे रहिवासी.

एवढ्या पुरातन जीवाला विसाव्या शतकात आपण जवळपास संपवलं होतं. कातड्याच्या पर्सा आणि पट्ट्यांसाठी मगरी मारल्या गेल्या, अंडी खाल्ली गेली, धरणांनी नद्या बदलल्या. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्यांना सर्वोच्च संरक्षण मिळालं आणि १९७५ मध्ये केंद्र सरकारने संयुक्त राष्ट्रांच्या मदतीने मगर प्रकल्प सुरू केला. रानातून अंडी आणायची, उबवायची, पिल्लं वाढवायची, पाण्यात सोडायची. १९७६ मध्ये रोम्युलस आणि झाई व्हिटेकर यांनी मद्रासजवळ क्रोकोडाईल बँक उभी केली. झाई म्हणजे मुंबईचे पक्षितज्ज्ञ झफर फतेहअली यांची मुलगी, अंधेरीत वाढलेली. या सगळ्या खटपटीला इतकं यश आलं की काही वर्षांतच पिंजऱ्यांत मगरी मावेनात आणि सोडायला पाणी मिळेना. पैदास करणं सोपं निघालं. जागा मिळणं अवघड.

जागेची ही अडचण कृष्णाकाठी सर्वांत कडवट झाली आहे. भिलवडी, औदुंबर, अंकलखोपपासून हरिपूरपर्यंत नदीत मगरी आहेत, आणि त्यांनी माणसं मारली आहेत. हे झाकून मगरीचं कौतुक करणं हा शहरी अप्रामाणिकपणा होईल. ज्याचं पोर पाण्यातून परत आलं नाही त्याला गुणसूत्रांच्या गप्पा सांगता येत नाहीत. पण हल्ले कुठे होतात ते बघा. जवळजवळ सगळे काठाला लागून, धुणं धुताना, आंघोळीला, जनावरं पाजताना, पाण्याची मोटार बघायला उतरल्यावर. आणि उन्हाळ्यात, मादी घरट्यावर असते तेव्हा धोका वाढतो. त्याच काठावर वाळूचे उपसे आहेत, वीटभट्ट्यांसाठी मळीची माती तोडली जाते आहे, पाण्यापर्यंत ऊस लावला आहे. दोघांना लागणारी पट्टी अरुंद होत गेली आणि दोघं रोज एकमेकांसमोर येऊ लागले. घाटावर लोखंडी जाळीचा आडोसा करून द्यायला फार खर्च येत नाही, आणि मगरीचे वेडेवाकडे फोटो फिरवण्यापेक्षा तो जास्त उपयोगी आहे.

‘पकडून लांब सोडा’ ही मागणी दरवेळी होते. ऑस्ट्रेलियात २००७ च्या एका अभ्यासात खाऱ्या पाण्यातल्या मगरी हेलिकॉप्टरने दूर नेऊन सोडल्या आणि उपग्रहाने त्यांचा माग ठेवला. एक चारशेहून अधिक किलोमीटर पोहून वीस दिवसांत मूळ जागी परतली. आपल्या मगरी एवढं अंतर पोहतील असं नाही, पण मोकळी झालेली जागा दुसरी मगर घेते हे वनखात्याच्या लोकांना पाठ आहे.

पुरात तर मगरी स्वतःच माणसांकडे येतात. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात बेळगाव जिल्ह्यातल्या रायबाग तालुक्यात बुडालेल्या घराच्या छपरावर चढून बसलेली मगर सगळ्या देशाने पाहिली. २०२४ च्या पावसाळ्यात चिपळूणच्या रस्त्यावरून गाड्यांच्या उजेडात मगर चालत गेली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये विश्वामित्री नदीला पूर आला आणि वडोदऱ्याच्या वस्त्यांतून मगरी डझनावारी उचलून नेल्या गेल्या. वडोदऱ्याचं उदाहरण मला महत्त्वाचं वाटतं. गायकवाडांच्या या शहराच्या मधून नदी वाहते, तिच्यात शेकडो मगरी आहेत, आणि दांडिया बाजारातल्या मराठी घरांपासून नव्या सोसायट्यांपर्यंत सगळ्यांना ते ठाऊक आहे. पुराच्या दिवशी कुणाला फोन करायचा हे तिथे पोरांनाही माहीत असतं. भीती तिथेही आहे. तिची व्यवस्था लावलेली आहे.

गोव्यात ही व्यवस्था धर्माने लावली. कुंभारजुव्याच्या कालव्यात, भरतीच्या खारट पाण्यात आपलीच गोड्या पाण्यातली मगर राहते. तिथून जवळ फोंडा तालुक्यात पौष अमावास्येला शेतकरी ‘मांगे थापणी’ करतात. खाजणाच्या चिखलाची मगर थापायची, शिंपल्यांनी सजवायची, पूजा करायची, आणि माणसांना-गुरांना सांभाळ, बांध सांभाळ असं मागायचं. खाजणशेतीत बांध फुटला की खारं पाणी आत आणि वर्षाचं भात गेलं. ज्यांचं पोट काठाच्या मातीवर आहे त्यांनी त्याच मातीची मगर करून पुजावी, हे मला वाळूच्या ठेक्याच्या कागदांपेक्षा शहाणपणाचं वाटतं.

कल्याणात मगर आणून सोडा असं मी म्हणणार नाही. तो वेडेपणा होईल आणि गुन्हाही. पण काठाचा प्रश्न आपल्याही दारात आहे. काळा तलावाला चालायची वाट झाली, कारंजं झालं, संध्याकाळी तिथे जत्रा असते, आणि माणसांना बसायला जागा झाली हे चांगलंच झालं. ठाण्याची तर ओळखच तलावांची. मात्र प्रत्येक तळ्याला चारही बाजूंनी भिंत घातली की ते तळं हौद होतं. हौदात मासे राहतील. कासव अंडी घालायला वर येऊ शकणार नाही, पाणकोंबडीला बोरूत लपता येणार नाही, घोरपडीला बीळ मिळणार नाही. घोरपड दिसली की ‘मगर आली’ म्हणून गर्दी करणारे आपणच.

तेव्हा तुमच्या भागातल्या तलावाला सुशोभीकरणाचा फलक लागला, तर नगरसेवकाला किंवा पालिकेच्या अभियंत्याला गाठून नकाशा मागा आणि विचारा, की चारपैकी निदान एक बाजू मातीची, गवताची, बिनदिव्याची ठेवणार आहात का? निविदा निघण्याआधी विचारा, नंतर न्यायालयात जाण्यापेक्षा ते स्वस्त पडतं. पुराच्या दिवसांत किंवा एरवी मगर, अजगर, घोरपड, काहीही वस्तीत दिसलं, तर दोरी-काठी घेऊन जवळ जाऊ नका, मोबाइल घेऊन तर नाहीच. वनखात्याचा मदतक्रमांक १९२६ आहे.